फरशीकडे नको, टाचांकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ८२ वर्षांच्या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवी बाजू कमजोर, शब्द चटकन सापडत नाहीत, विसरणंही वाढलंय. घरी आता निभत नाही. तीन नर्सिंग होम पाहून झाली. तिन्ही स्वच्छ, तिन्हीकडे गोड बोलणारी माणसं. यातल्या कुठे खरोखर नीट काळजी घेतात हे ओळखायचं कसं, आणि आईंना ठेवल्यावर पुढे लक्ष कसं ठेवायचं?

मराठीत छोट्या हॉस्पिटललाही नर्सिंग होम म्हणायची सवय आहे. मी इथे बोलतेय ते वृद्धांना दीर्घकाळ राहायला ठेवून त्यांची शुश्रूषा करणाऱ्या जागांबद्दल. अशा जागांमध्ये मी बरीच वर्षं परिचारिका होते, मग मेट्रन झाले, आणि शेवटची काही वर्षं तपासणीच्या पथकात काढली.

तपासणीला गेलं की ऑफिसात बसवून फायली पुढे ठेवायची पद्धत असते. मी आधी विचारायची, तुमच्याकडे सगळ्यात परावलंबी रहिवासी कोण? ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, बोलता येत नाही आणि भेटायलाही फारसं कुणी येत नाही, अशी व्यक्ती. तिच्या पलंगापाशी जायचं, तिला सांगून पायांवरचं पांघरूण सारायचं आणि टाचा बघायच्या. मग तोंड, नखं, कानामागची त्वचा. जो रहिवासी खडसावून बोलतो, ज्याचा मुलगा रोज संध्याकाळी येतो, त्याची काळजी बहुतेक सगळीकडे बरी घेतात. तिथून काही कळत नाही. तुमच्या आईंना शब्द सापडत नाहीत. म्हणजे त्या पहिल्या गटात मोडतात, दुसऱ्यात नाही, आणि तिन्ही ठिकाणं तुम्हाला त्याच नजरेने बघायला हवीत.

तुम्हाला अर्थात दुसऱ्याच्या आजींचं पांघरूण उचलता येणार नाही, उचलूही नये. पण दारातून बरंच दिसतं. आजी पलंगावर एका बाजूला ओघळलेल्या आहेत का? चष्मा डोळ्यांवर आहे की खणात, आणि असलाच तर काचा पुसलेल्या आहेत का? श्रवणयंत्र कानात आहे का? पाण्याचा पेला हात पोचेल असा ठेवलाय की खिडकीपाशी, दिसेल पण मिळणार नाही असा? बेल कुठल्या हाताला आहे? उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाच्या उजव्या हाताशी बेल बांधलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. नोंदीत ‘बेल जवळ ठेवली’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं.

आरोग्यसेवेचा दर्जा मोजायचा कसा, यावर अवेदिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली केलेली मांडणी अजून वापरली जाते. साधनं, प्रत्यक्ष काम आणि परिणाम, असे तीन भाग. जागा बघायला आलेल्या नातेवाइकांना दाखवतात तो पहिला भाग: खोल्या, पलंग, लिफ्ट, कॅमेरे, बाग. ते हवंच, पण त्यावरून काळजी कळत नाही. उत्तम पलंगावर माणूस आठ-आठ तास एकाच कुशीवर पडलेला असू शकतो. दुसरा भाग स्वतः बसून बघावा लागतो, तिसरा विचारून काढावा लागतो.

म्हणून पुन्हा जा, आणि या वेळी न कळवता. सकाळी अकराला सगळीकडे आंघोळी झालेल्या असतात, वरिष्ठ हजर असतात, केस विंचरलेले असतात. जायचं ते संध्याकाळच्या जेवणाला किंवा सुट्टीच्या दिवशी. ड्यूटी बदलते ती वेळही चांगली. हॉलमध्ये एक तास नुसतं बसा. कुणाची बेल वाजली की घड्याळ बघा. किती मिनिटांत कुणी आलं हे महत्त्वाचं आहेच, पण आल्यावर काय झालं ते त्याहून महत्त्वाचं. एक जुनी युक्ती आहे: आत यायचं, बेल बंद करायची, “आलेच हं” म्हणायचं आणि जायचं. हिशोबात बेलला दोन मिनिटांत उत्तर मिळालेलं असतं. आजोबांना लघवीला न्यायला मात्र अर्ध्या तासाने कुणीतरी येतं, तोवर गरज उरलेली नसते.

आता माणसांचा हिशोब, कारण बाकी सगळं यावर उभं असतं. ‘तुमच्याकडे स्टाफ किती?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचं उत्तर एक मोठा आकडा येतो, त्यात माळी आणि हिशोबनीसही मोजलेले असतात. विचारा: आज रात्री प्रत्यक्ष रहिवाशांपाशी किती जण असतील, आणि किती रहिवाशांसाठी? मग तिथेच तोंडी हिशोब करा. समजा ४० रहिवासी आहेत आणि रात्री दोन मावशी. चाळिसांतल्या २० जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची आहे. एकाची कूस बदलायला दोघी लागतात, आणि डायपर बघून, चादर सारखी करून दहा मिनिटं जातात. वीस जणांना झाली २०० मिनिटं, आणि दोन तासांत असतात १२०. म्हणजे हे काम होत नाही, होऊच शकत नाही. तरीही चार्टवर दोन, चार, सहा वाजताच्या टिका अगदी ओळीत, एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या दिसतात. अशा चार्टचा राग मावशींवर काढू नका. ज्याने ड्यूटी लावली त्याला हा हिशोब येत होता.

मोजपट्टी हवी असेल तर एक देते. अमेरिकेत सरकारसाठी झालेल्या आणि २००१ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की दर रहिवाशामागे रोज शुश्रूषेचे एकूण साधारण ४.१ तास तरी मिळायला हवेत, त्यातले २.८ तास मावशींसारख्या हाताखालच्या मदतनिसांचे. त्याहून कमी पडले की काळजी उणी पडल्याचं मोजमापात दिसतं. ४० रहिवाशांना याचा अर्थ दिवसाला १६४ तास, म्हणजे आठ तासांच्या साधारण वीस ड्यूट्या, तिन्ही पाळ्या मिळून. हा काही सगळीकडचा कायदा नाही आणि रहिवासी किती परावलंबी आहेत त्यावर गरज कमी-जास्त होते. पण समोरचा माणूस आठ ड्यूट्या सांगू लागला तर काय समजायचं ते तुम्हाला कळेल.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे माणसं टिकतात का. मेट्रनला विचारू नका, पाणी द्यायला आलेल्या मावशींनाच सहज विचारा, “तुम्ही इथे किती वर्षं?” मग कोपऱ्यातल्या आजींकडे बघून, “यांना काय आवडतं हो?” त्यांनी “त्यांना ना, सकाळी कुणी लवकर उठवलेलं खपत नाही” असं काही हसून सांगितलं तर ती जागा चांगली असण्याची शक्यता पुष्कळ. “मी नवीन आहे” हे उत्तर एकदा चालतं. तिघींकडून आलं तर का टिकत नाहीत ते विचारा. रोज शक्यतो त्याच मावशींकडे तेच रहिवासी देतात का, हेही विचारा. त्वचेवरचा नवा डाग, कमी झालेलं बोलणं, घासाला लागणारा जास्त वेळ या गोष्टी काल त्याच माणसाला बघितलेल्या व्यक्तीलाच कळतात.

आता टाचांकडे येते. बेडसोअर, म्हणजे दाबामुळे होणारी जखम, हा काळजीचा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक पुरावा. हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि स्नायू दाबले जातात, रक्त पोचत नाही, पेशी मरतात. माकडहाड, टाचा, घोटे, कंबरेच्या बाजूची हाडं, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी ही नेहमीची ठिकाणं. पहिल्या पायरीला कातडी फाटलेली नसते. फक्त एक लाल डाग असतो आणि बोटाने दाबल्यावरही तो फिका होत नाही. पुस्तकातलं हे वर्णन गोऱ्या कातडीचं आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, आणि त्यामुळे जखम उशिरा सापडते. तिथे हाताच्या पाठीने चाचपायचं: आजूबाजूपेक्षा जागा गरम किंवा गार लागते का, कडक किंवा पिठूळ लागते का, रंग जांभळट झालाय का, हात लावल्यावर माणूस कळवळतो का. हे तुम्ही स्वतः आईंच्या बाबतीत शिकून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

धोका कुणाला जास्त हे आधीच ठरवता येतं. ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम या परिचारिकांनी तयार केलेलं आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेलं कोष्टक त्यासाठी जगभर वापरतात: संवेदना, ओलावा, हिंडणं-फिरणं, अंथरुणात हालचाल, आहार, आणि घसटण. एकूण गुण ६ ते २३. जितके कमी तितका धोका जास्त, आणि साधारणपणे १८ किंवा कमी असले की प्रतिबंधाचे उपाय सुरू व्हायला हवेत. नर्सिंग होममध्ये विचारा की दाखल झाल्यावर हे किंवा असं दुसरं कोष्टक भरता का आणि पुन्हा कधी भरता. ‘भरतो’ एवढ्यावर थांबू नका. आठ गुण असलेल्या माणसासाठी नेमकं काय वेगळं करता, हे विचारा. फाइलमध्ये आकडा आणि पलंगावर काहीच बदल नाही, असं मी फार पाहिलंय.

काही गोष्टी तुम्हालाही लगेच ओळखता येतील. टाचांखाली उशी ठेवली तर टाच उशीवर दाबली जाते. उशी पोटरीखाली हवी आणि टाच अधांतरी. मधे भोक असलेली रबरी कडी बुडाखाली ठेवली असेल तर तिथल्या ज्ञानाला वीसेक वर्षांची धूळ बसली आहे असं समजा. त्या कडीने भोवतालचा रक्तप्रवाह दाबला जातो आणि मधला भाग आणखी उपाशी राहतो. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं कुणी म्हणालं तर ते चूक. आणि खुर्ची! सगळ्यांचं लक्ष पलंगाकडे असतं. सकाळी नऊला व्हीलचेअरवर बसवलेले आजोबा दुपारी दोनलाही तसेच, ‘बघा, आम्ही सगळ्यांना बसवतो’ म्हणून कौतुकाने दाखवले जातात. बसल्यावर शरीराचा बहुतेक भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. पाच तास तो तसाच राहणं पलंगावर पडून राहण्याहून वाईट.

मेट्रनला सरळ विचारा: आज तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहे, आणि त्यातले किती इथे आल्यावर झाले? चांगल्या मेट्रनला आकडा तोंडपाठ असतो, आणि ती सांगतेही. “एकालाही नाही, आमच्याकडे होतच नाही” हे ऐकून मला कधीच बरं वाटलं नाही. सगळ्या जखमा टाळता येत नाहीत. शेवटच्या आठवड्यांत शरीराबरोबर कातडीही हार मानते. टाळता येण्याजोगी कुठली आणि न टाळता येणारी कुठली, हा फरक समजावून सांगणारी बाई भेटली तर तिच्यावर विश्वास ठेवा.

पडण्याचंही असंच. नर्सिंग होममधले साधारण निम्मे रहिवासी वर्षातून एकदा तरी पडतात. ‘आमच्याकडे कुणी पडत नाही’ याचे अर्थ तीनच: नोंद होत नाही, कुणाला चालू देत नाहीत, किंवा बांधून ठेवतात. बांधल्याने स्नायू आणखी झिजतात, जखमा होतात, माणूस सुटायची धडपड करतो. पलंगाचे उंच कठडेही सरसकट सुरक्षित नसतात. गोंधळलेला माणूस त्यावरून चढायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा फटीत अडकतो. तेव्हा ‘किती पडले’ यापेक्षा ‘पडल्यावर काय केलंत’ हे विचारा. पडताना कुणी पाहिलं नसेल तर डोक्याला लागलंय असं धरून पुढचे काही तास लक्ष ठेवतात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते बघतात का, झोपलेलं आणि उभं असतानाचा रक्तदाब मोजतात का? उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर पडण्याचं कारण तिथेच सापडलं.

एका ठिकाणी एक आजोबा महिन्यात तीनदा पडले, तिन्ही वेळा पहाटे तीन ते चारच्या दरम्यान. फाइलमध्ये तिन्ही वेळा तेच वाक्य: ‘रुग्णास एकट्याने न उठण्याची सूचना दिली.’ ज्यांना कालचं आठवत नाही त्यांना सूचना! ते उठून कुठे निघाले होते, हे कुणी विचारलंच नव्हतं. ते निघाले होते लघवीला. लघवी जास्त होण्याची गोळी त्यांना संध्याकाळी दिली जात होती. डॉक्टरांनी ती सकाळी केली आणि रात्रपाळीने तीनच्या आधी एकदा नेऊन आणायचं ठरवलं. मी होते तोवर ते पुन्हा रात्री पडले नाहीत.

औषधांच्या बाबतीत एक प्रश्न तुमच्यासाठी फार महत्त्वाचा, कारण आईंना विसरण्याचा त्रास आहे. चिडचिड, रात्री जागणं, आरडाओरडा यावर मनोविकारांची शामक औषधं किती जणांना चालू आहेत, आणि ती बंद करून बघण्याचा विचार केव्हा होतो? अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली यावर ठळक इशारा दिला. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्यावर, ही औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, १.६ ते १.७ पट दिसलं. कधीकधी ती लागतात, मी नाकारत नाही. पण हॉलमध्ये दुपारी चारला बाराच्या बारा माणसं हनुवटी छातीवर टेकवून बसलेली दिसली आणि कुणी अभिमानाने म्हणालं, “आमच्याकडे अगदी शांत असतं,” तर मला घाम फुटतो.

ओरडणाऱ्या माणसाला बहुधा काहीतरी सांगायचं असतं. दुखतंय, डायपर ओला आहे, चार दिवस शौचाला झालेलं नाही, लघवी तुंबलीय. बोलता न येणाऱ्यांच्या वेदना मोजायलाही साधनं आहेत. २००३ साली आलेल्या एकात श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, या पाचांना शून्य ते दोन गुण देतात. तुमच्या आईंच्या बाबतीत हे वापरणार का, हे विचारा. आणि कालपर्यंत ठीक असलेल्या आई आज अचानक गुंगल्या किंवा भलतंच बोलू लागल्या, तर ‘वय झालं’ हे उत्तर स्वीकारू नका. असा एका-दोन दिवसांतला बदल म्हणजे संसर्ग, नवं औषध, पाण्याची कमतरता, वेदना यांसारखं काहीतरी असतं आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायला हवं.

जेवणाची वेळ चुकवू नका. तासाभरात जे कळतं ते आठवडाभर कळणार नाही. भरवणारी व्यक्ती शेजारी बसलीय की उभ्याने वरून घास घालतेय? एकटी तिघांना आळीपाळीने भरवतेय का? गिळायला त्रास असलेल्या माणसाला नीट भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत ताट उचललं तर तो जेवला नाही, किंवा त्याच्या श्वासनलिकेत अन्न गेलं. ताठ बसवून, छोटे घास, आधीचा गिळल्याची खात्री करून पुढचा, आणि जेवल्यावर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. अर्धांगवायूनंतर घास कमजोर बाजूच्या गालात साठून राहतो, म्हणून शेवटी तोंडात बघावं लागतं. आईंच्या गिळण्याची तपासणी कोण करणार, हे आधीच विचारून ठेवा.

वजन दर महिन्याला हवं, आणि त्याच काट्यावर. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. ५० किलोच्या बाईंच्या बाबतीत महिन्यात अडीच किलो. कपडे सैल झाल्यावर ते आपल्याला दिसतं, तोवर उशीर झालेला असतो.

तोंडाच्या स्वच्छतेकडे तर तपासणी करणारेही बघत नाहीत. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नीट तोंड स्वच्छ केल्या जाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांपैकी १९ टक्क्यांना. एक मऊ ब्रश, रोज प्रत्येक जेवणानंतरची पाच मिनिटं आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्यांकडून किंवा त्यांच्या मदतनिसांकडून सफाई, एवढाच फरक. तुम्ही आईंच्या जिभेकडे आणि कवळीखालच्या हिरड्यांकडे बघत जा.

वासाबद्दल सगळे विचारतात. एखाद्या खोलीपाशी थोडा वेळ लघवीचा वास येणं म्हणजे आत्ताच काहीतरी झालंय. सगळ्या मजल्यावर, सोफ्यात मुरलेला वास वेगळा. आणि नाकाला झोंबेल इतका फिनाइलचा किंवा सुगंधी फवाऱ्याचा वास आला तर मी त्याच्या आतला वास शोधायची.

मान ही मोजता न येणारी गोष्ट आहे असं म्हणतात. मला ते पटत नाही. दार वाजवून आत येतात का, आजींच्या डोक्यावरून एकमेकींशी गप्पा मारत त्यांना पुसतात का, ‘सात नंबर’, ‘भरवायचे पेशंट’ अशी नावं पडली आहेत का, हे तासाभरात मोजून होतं. आणि निवड. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आमच्या प्रशिक्षणात मी नेहमी सांगायची. एका नर्सिंग होमच्या एका मजल्यावर रहिवाशांना सांगितलं की तुमचे निर्णय तुम्ही घ्या, आणि सांभाळायला एक रोप निवडून घ्या. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की सगळं आम्ही बघू, रोपाला पाणीही परिचारिका घालतील. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त सजग आणि आनंदी झाली. दीड वर्षानंतरच्या मृत्यूंच्या आकड्यांचं गणित पुढे दुरुस्त करावं लागलं, म्हणून तो भाग मी सांगत नसे. पण ‘उठायचं कधी, आंघोळ कधी, कुठला कपडा’ हे रहिवाशाला विचारलं जातं का, हे मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी पाहिलं.

तारांकित मानांकनांवर एकच वाक्य: अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना एक ते पाच तारे मिळतात, पण सुरुवातीची बरीच वर्षं माणसांचे आकडे नर्सिंग होम स्वतःच कळवत होती आणि नंतर ते पगारपत्रकावरून घ्यावे लागले, यातून काय ते समजा.

शेवटी संचालकांना विचारायचा प्रश्न. “गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून काय चुकलं, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं?” माझ्या अनुभवात एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. जो गडबडून ‘तसं काही नाही’ म्हणतो आणि जो थोडं थांबून एखादी खरी घटना सांगतो, त्या दोघांच्या नर्सिंग होममध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता आईंना ठेवल्यानंतरचं. पहिल्या दिवशीच तुमच्यासमोर वजन करून घ्या, पूर्ण त्वचा तपासून घ्या आणि त्याची लेखी नोंद मागा. नंतर ‘हे घरूनच आलं होतं’ हा वाद उरत नाही, आणि ते नर्सिंग होमच्याही फायद्याचं आहे. उचलताना उजव्या काखेत हात घालून ओढायचं नाही हे स्पष्ट सांगा. लुळ्या बाजूचा खांदा त्याने सांध्यातून निसटतो. भेटीची वेळ बदलती ठेवा. एक वही करा, पण तिच्यात राग लिहू नका, तारीख, वेळ आणि काय दिसलं तेवढंच. ‘इथे कुणी लक्षच देत नाही’ या तक्रारीवर कुणाला काही करता येत नाही. ‘मंगळवारी सहा वाजता आणि गुरुवारी साडेसहाला आईंचा डायपर पूर्ण ओला होता, कुणाला सांगू?’ यावर करता येतं. एखाद्या दिवशी चूक होणारच, माझ्या वॉर्डातही व्हायची. सांगितल्यावर आठवडाभर सुधारून पुन्हा तेच झालं तर तो त्या जागेचा स्वभाव आहे.

पहिले काही आठवडे त्या रडतील, घरी ने म्हणतील, कदाचित तुमच्याशी बोलणारही नाहीत. तो वाईट काळजीचा पुरावा नाही. चांगल्या जागीही होतं. पण दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे व्रण, एका ठरावीक माणसाला बघून दचकणं, किंवा तुम्ही एकट्याने भेटू नये असा आग्रह दिसला तर वही भरत बसू नका. त्याच दिवशी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा आणि नर्सिंग होमवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेकडे लेखी तक्रार द्या. आईंना हलवायचं की नाही ते त्यानंतर.

आणि जाताना एक कागद घेऊन जा. एकच पान, मोठ्या अक्षरात. त्यांना काय म्हणून हाक मारायची, त्या आधी काय काम करायच्या, कुठल्या कानाने नीट ऐकू येतं, ‘हो’ म्हणताना त्या नेमकं काय करतात, घाबरल्या की कशाने शांत होतात. पलंगाशेजारी लावा. आठ दिवसांनी रात्रपाळीच्या मावशींना त्यातलं काहीतरी सहज विचारा.